गोवंडीत १८ ते २४ वयाच्या मुलांचा आरोग्य अभ्यास: कूपन पद्धत जमेल का?

निशिगंधा_एमएसडब्ल्यू
नमस्कार. माझा प्रबंध गोवंडी-शिवाजीनगरमधल्या १८ ते २४ वयाच्या मुलामुलींवर आहे. विषय: बटन म्हणतात त्या नशेच्या गोळ्या, हुंगायचं सोल्युशन, मावा, आणि खोकला हटत नसतानाही दवाखान्याची पायरी न चढणं. घरोघर यादी करून सॅम्पल काढावं तर ही मुलं घरी सापडत नाहीत, आणि सापडली तरी आईसमोर काय बोलणार? गाईड म्हणतात आरडीएस (रिस्पॉन्डंट-ड्रिव्हन सॅम्पलिंग) कर, मुलांनाच मुलं आणू दे. हे स्नोबॉलच ना? आणि पैसे द्यायला एथिक्स कमिटी हो म्हणेल?

कट्टेकरी
स्नोबॉलच आहे, नाव तेवढं भारी.

फील्डवाली_मावशी
नाही हो कट्टेकरी, फरक आहे. डग्लस हेकथॉर्न यांनी ही पद्धत १९९७ मध्ये मांडली, अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीचं काम चालू होतं त्यातून. स्नोबॉलमध्ये तुम्ही एकाला विचारता, अजून कोण? तो नावं सांगत सुटतो. इथे नाव कोणी सांगतच नाही. पोराला मोजकी कूपनं मिळतात, बहुतेक वेळा तीन. ती तो ओळखीत वाटतो, ज्याला यायचंय तो आपल्या पायाने येतो. जो आला नाही त्याचं नाव तुमच्या वहीत नाही, आणि नशेच्या विषयात हे फार मोलाचं. तीनच का, तर नाहीतर नाक्यावरचा एखादा भाई सगळी आपलीच गँग पाठवून देईल.

पैसे दोनदा द्यायचे: एकदा स्वतःच्या मुलाखतीचे, मग आपल्या कूपनवर कोणी आलं की त्याचे. बुडालेला वेळ आणि रिक्षाभाडं निघेल एवढेच ठेव. त्यावर गेलीस की कूपनं विकली जातात आणि तिशीतला बाप्या 'मी तेवीसचा' म्हणत समोर बसतो. कमिटीलाही हेच लिहून दे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांना वेळेची भरपाई चालते, आमिष चालत नाही.

कूपनवर नशा, टीबी असलं काही छापू नकोस. 'तरुणांचं आरोग्य सर्वेक्षण', पत्ता, शेवटची तारीख, क्रमांक. बस. खिसा आई तपासते, पोलीसही तपासतो. क्रमांक ३-२-१ असा दे: तिसरा सीड (सुरुवातीला तू स्वतः निवडलेला मुलगा), त्याच्या दुसऱ्या कूपनवर आलेला पोरगा, त्याने दिलेलं पहिलं कूपन. साखळी आकड्यावरूनच वाचता येते.

आता ज्यावर सगळं अडतं ते. 'तुझ्या ओळखीची मुलं किती?' असं विचारलंस तर इन्स्टा बघून 'पाचशे' सांगतील. पायरीपायरीने ये. नावाने कोणाला ओळखतोस, जे तुलाही ओळखतात? त्यातले १८ ते २४ चे किती? त्यातले याच वस्तीत राहणारे? त्यातले गेल्या महिन्यात समोरासमोर भेटलेले? शेवटचा आकडा लिही. ज्याच्या ओळखी जास्त त्याच्यापर्यंत कूपन पोचायची शक्यता जास्त, म्हणून हिशेबात त्याचं वजन कमी. हा आकडा गंडला तर सॉफ्टवेअर गंडलेल्याच उत्तराला दशांश लावून देईल.

निशिगंधा_एमएसडब्ल्यू
मावशी, आणि मुली?

फील्डवाली_मावशी
पोरांच्या साखळीतून मुली येत नाहीत. आली तर कोणाची तरी बहीण येते, आणि ती काय बोलणार? मुलींचे सीड वेगळे घे: एक कॉलेजला जाणारी, एक घरी शिलाईकाम करणारी, एक लग्न होऊन नुकती आलेली. तिसरी अवघड. तिच्या मैत्रिणी माहेरी राहिल्या, इथे तीन कूपनं द्यायची कोणाला? मुलाखतीची जागाही पोरांच्या कट्ट्यापासून लांब हवी. बालवाडीची खोली दुपारी रिकामी असते, तिथे बाई शिरली तर कोणी वळून बघत नाही. दोन्ही साखळ्या शेवटपर्यंत जुळल्या नाहीत तर एकत्र टक्केवारी काढू नकोस, मुलांची वेगळी मांड, मुलींची वेगळी.

आकडेमोड्या
मावशींशी सहमत, पण थोडं पाणी ओततो. साध्या यादृच्छिक सॅम्पलला २०० जण पुरत असतील तर इथे निदान दुप्पट धरा. गोएल आणि साल्गानिक यांनी २०१० मध्ये दाखवलं की खरी अनिश्चितता त्याहूनही बरीच मोठी असू शकते. दुसरं, युगांडाच्या खेड्यांत ही पद्धत अशा पुरुष कुटुंबप्रमुखांवर तपासली ज्यांची पूर्ण माहिती संशोधकांकडे आधीच होती. २०१२ चा पेपर आहे. सॅम्पल बरंचसं जुळलं, पण तरुण पुरुष कमी आले आणि वजन लावूनही ती तूट भरली नाही. तुमचा तर विषयच तरुण.

फील्डवाली_मावशी
म्हणूनच वेळ त्यांच्या सोयीची ठेवायची. दहा ते पाच ऑफिस उघडलंस तर फक्त रिकामटेकडी पोरं येतील आणि सगळी वस्ती बेकार दिसेल. तिथल्या बऱ्याच जरीकामाच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते, त्या दिवशी रात्री नऊपर्यंत बस. आणि निशिगंधा, दोन आठवड्यांहून जास्त खोकला सांगणाऱ्याला थुंकी तपासायला कुठे पाठवायचं, सोबत कोण जाणार, हे पहिलं कूपन वाटायच्या आधी ठरव. कमिटी विचारेलच. नाही विचारलं तरी ठरव.