मदत हवी आहे: आपत्कालीन रेडिओ स्वयंसेवकाचं प्रमाणपत्र (तातडीचं!)

कृष्णाकाठ:
आमचा अकरा जणांचा पूरमदत गट आहे. सेट घेतलेत, चार्ज करून ठेवलेत. काल एका कार्यालयात नावं द्यायला गेलो तर "प्रमाणपत्र आणा" म्हणाले. कुठलं, ते सांगेनात. सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी चढायच्या आत हवंय. अर्ज कुठे करायचा, किती दिवस लागतात? माहीतगारांनीच लिहा, प्लीज.

डिडाडिट:
कुठले सेट? कोणाकडे परवाना, कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं रेडिओवरचं नाव) आहे का?

कृष्णाकाठ:
सेट म्हणजे वॉकीटॉकी, आणखी कुठले! परवान्याचंच तर विचारतोय.

डिडाडिट:
नाही, तुम्ही प्रमाणपत्राचं विचारलंत.

शिकागोकर:
आमच्याकडे फेमाचे, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती यंत्रणेचे, आयएस-१०० आणि आयएस-७०० हे कोर्स घरबसल्या, फुकट होतात. हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, पहिली परीक्षाही सोपी, ३५ पैकी २६ प्रश्न बरोबर आले की पास. मी दोन शनिवार-रविवारात उरकलं. तुम्हीही फेमाचे करून टाका.

डिडाडिट:
आणि तो कागद सांगलीत कोणाला दाखवायचा? @कृष्णाकाठ, हॅम व्हायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची परीक्षा द्यावी लागते. वय १२ पूर्ण हवं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला रेडिओचं तंत्र आणि नियम. जनरल ग्रेडला त्यावर मोर्स, म्हणजे डिट-डाची सांकेतिक लिपी, मिनिटाला ८ शब्द. अर्ज सरल संचार पोर्टलवर.

जुनातारवाला:
मोर्सशिवाय कसला ऑपरेटर? सिग्नल इतका क्षीण की बोललेलं कळत नाही, तिथेही मोर्स पोचते. रिस्ट्रिक्टेडवाले नुसतं बटण दाबून गप्पा मारतात.

सोल्डरवाला:
काका, पुरात एका हातानं बोटीची दोरी धरायची आणि दुसऱ्यानं डिट-डा बडवायचं का? त्यापेक्षा निरोप लिहून घ्यायला आणि आकडे न चुकता परत वाचून दाखवायला शिकवा. बरेच घोळ तिथे होतात. "पंधरा माणसं" चं "पन्नास" झालेलं मी स्वतः ऐकलंय.

जुनातारवाला:
मोर्समध्ये पंधराचं पन्नास होत नाही.

वारणेचा:
बोटीच्या इंजिनासाठी पेट्रोल आणि ऑइलचं प्रमाण आधी कंपनीच्या पुस्तकात बघून घ्या. आमचं इंजिन ऐन वेळी जाम झालं होतं.

कृष्णाकाठ:
बोट आमची नाहीच! सेटच्या खोक्यावर ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ लिहिलंय. ऑनलाइन घेतले, स्वस्तात.

डिडाडिट:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतंत. आपल्याकडे वॉकीटॉकीसाठी परवानामुक्त पट्टा ४४६.० ते ४४६.२, तोही कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त सेटसाठी. तुमचे सेट त्याबाहेरही बोलतात, म्हणजे कागद माणसांचा नाही, सेटचा मागत असतील. की आपदा मित्र या सरकारी स्वयंसेवक योजनेच्या १२ दिवसांच्या प्रशिक्षणाचं विचारत होते? ते वेगळंच. त्यानं रेडिओ वापरायची परवानगी मिळत नाही.

कृष्णाकाठ:
म्हणजे अकरा सेट वाया?

सोल्डरवाला:
परवाना येईपर्यंत पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबू नका. हॅम लोकांचं नेट (ठरलेल्या वेळी रेडिओवर जमणारी बैठक) नुसतं ऐकत चला, त्यानंही कान तयार होतो. दोघातिघांना आत्ताच अभ्यासाला बसवा. या पावसाळ्याला जमेल असं मात्र धरू नका.

कृष्णाकाठ:
उद्या जाऊन कुठलं प्रमाणपत्र ते लेखी मागतो. आणि आत्ता कळलं, आमच्यातल्या एकाचा मिरजेचा चुलतभाऊ हॅम आहे. आठवडाभर शेजारी बसून बोलला नाही गडी.

जुनातारवाला:
चुलतभावाची ग्रेड कुठली? मोर्स येते का?