बरोबर कोण आलंय?

बावीस वर्षं मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीला सिस्टर आहे. पेशंट पोरगं असलं की त्याच्यासोबत आलेल्या माणसाकडे आधी बघायची खोड मला उशिराच लागली. कुणाच्या तरी ताब्यात असलेलं, पिळलं जाणारं मूल तुम्हाला दवाखान्यात, वस्तीत भेटलं असेल तर लिहा. नावं, हॉस्पिटल नको. सुरुवात मी करते.

रात्री अकरानंतर एक मुलगी आली, पोटात दुखतंय म्हणून. सोबत ‘मावशी’. केसपेपरवर वय १९. नाव, गाव, पाळी, सगळी उत्तरं मावशीचीच. जन्मतारीख विचारली तर मुलीने आधी मावशीकडे पाहिलं. लघवी तपासायची म्हणून मी तिला आत नेलं. आमच्या आयाबाई दारात अशा उभ्या राहिल्या की मावशीची आत यायची टाप नव्हती. (आयाबाईंना कुठल्या प्रशिक्षणाला बोलावत नाहीत. निम्म्या केस त्याच ओळखतात.) आत मी काही विचारलंच नाही. चहा दिला, बिस्किटं दिली. पुडा संपल्यावर म्हणाली, “सिस्टर, मला परत नका ना पाठवू.” वय १५. डॉक्टरांनी एमएलसी केली, म्हणजे पोलिसी केस म्हणून नोंद, आणि पोलिसांना कळवलं. बाहेर येऊन बघते तर मावशी पसार, चपला तेवढ्या बाकाखाली.

आरोग्य सेविका, गोवंडी
टीबीच्या सर्व्हेला जरीच्या कारखान्यात गेले. माळ्यावर आठ पोरं, ताठ बसायलाही जागा नाही. शेठ म्हणे, “सगळे माझे भाचे.” एका बहिणीचे आठ, नि सगळे बारा वर्षांचे? दोघांचा खोकला खरंच जुना होता. थुंकी तपासायच्या निमित्ताने दोनदा परत जाता आलं, मग १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावला. शेठ अजून गल्लीत तोंड फिरवतो. चालायचंच.

निवासी डॉक्टर, स्त्रीरोग
पोक्सो, म्हणजे अठराखालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा. त्याचं कलम १९ म्हणतं, असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवायचंच, नाहीतर शिक्षा. हे ऐकलं की सोळा-सतराच्या मुली गर्भपातासाठी आमच्याकडे न येता गल्लीतल्या भोंदूकडे जातात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर अशा केसमध्ये कळवताना डॉक्टरने तिची ओळख उघड करायची गरज नाही. मला हे आमच्या मेडिकल सोशल वर्करने दाखवलं. तोवर मी दोघींना पोलिसांची भीती घालून बसले होते. एक परत आलीच नाही.

इंटर्न
“आधी पोलिसांचं पत्र आणा,” म्हणून अत्याचार झालेल्या एका मुलीला रात्रभर बाहेर बसवलेलं पाहिलंय. उपचाराला पत्र लागत नाही. एचआयव्ही टाळायची गोळी ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते, त्यातले नऊ तास बाकावर गेले. मी गप्प होतो.

सिस्टर
इंटर्न, पुढच्या वेळी ड्यूटीवरच्या सिस्टरला हाक मारा. ओरडेल, पण येईल.