लाइटच्या खाली काइट लिहिलं तर चूक कसं? इंग्रजी यमक आणि स्पेलिंगबद्दल प्रश्न

चिऊची_आई

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होईल पण दोन दिवस डोक्यात हेच चाललंय म्हणून विचारते. लेक दुसरीत आहे, इंग्लिश मीडियम. माझं आणि ह्यांचं, दोघांचंही शिक्षण मराठीतून, आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची, त्यामुळे तिचा इंग्रजीचा अभ्यास घेताना मी पण तिच्यासोबतच शिकत असते. परवा एक वर्कशीट आलं, वर 'लाइट' छापलेलं आणि खाली पाच रिकाम्या रेघा. तिने मला न विचारता स्वतःच्या मनाने लिहिलं, नाइट, फाइट, काइट, बाइट, व्हाइट. स्पेलिंग पाचही बरोबर. काल पेपर परत आला तर पहिले दोन बरोबर आणि खालच्या तिन्हींवर लाल फुली. पोरगी रडवेली झाली, म्हणते "आई तू म्हणून बघ ना, सारखंच वाजतंय." मी दहा वेळा म्हणून बघितलं, खरंच सारखंच वाजतंय.

ती झोपल्यावर मी डिक्शनरी घेऊन बसले तर अजूनच गोंधळ झाला. रफ, कफ, थ्रू, दो, बाउ, ह्या सगळ्यांच्या शेवटी तीच चार अक्षरं, ओ-यू-जी-एच, आणि उच्चार पाच तऱ्हेचे. तिच्या हेल्थ कार्डवर हाइट आणि वेट शेजारी शेजारी लिहिलेलं असतं, दोन्हींचा शेवट ई-आय-जी-एच-टी, पण एक 'आइट' आणि एक 'एट'. इतकी वर्षं ते कार्ड बघतेय, कधी लक्षातच आलं नव्हतं.

तर विचारायचंय हे की तिचं उत्तर चूक होतं का? आणि तो जी-एच बोलायचाच नसेल तर लिहितात कशाला? मी तिला 'असंच असतं, पाठ कर' एवढं सांगून गप्प बसवू शकते पण मला तसं करायचं नाहीये.

निवृत्त_बाई

ताई, मी अडतीस वर्षं पहिली ते चौथी शिकवलंय, त्यातली शेवटची बरीच वर्षं इंग्रजी पण, कारण २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं आणि आम्हा सगळ्यांनाच नव्याने शिकावं लागलं. त्या अनुभवावरून सांगते.

आधी वर्कशीटच्या वरची सूचना नीट वाचा. 'राइमिंग वर्ड्स' लिहिलं असेल तर तुमच्या लेकीची पाचही उत्तरं बरोबर आहेत, शंभर टक्के, कारण यमक कानाने ठरतं. 'वर्ड फॅमिली' लिहिलं असेल तर मात्र शेवटचा आवाजही तोच हवा आणि अक्षरंही तीच हवीत, मग काइट, बाइट, व्हाइट दुसऱ्या घरातले. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याच वर्कशीटमध्ये त्या एकत्र कालवलेल्या असतात. मुलीने जे कानाने ओळखलं ते फार मोलाचं आहे हो, अक्षरओळख असूनही कितीतरी मुलांना यमक ऐकूच येत नाही आणि तिथेच त्यांचं वाचन अडतं.

आता घरी काय करायचं. एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे आय-जी-एच-टी वाले, लाइट, नाइट, फाइट, टाइट, ब्राइट, फ्लाइट. उजवीकडे आय-टी-ई वाले, काइट, बाइट, व्हाइट, इन्व्हाइट, पोलाइट. एक शब्द तुम्ही म्हणा, तिने तो योग्य बाजूला लिहायचा. गंमत कुठे येते तर राइट दोन्हीकडे येतो, डावीकडचा म्हणजे बरोबर किंवा उजवा आणि उजवीकडचा म्हणजे लिहिणे, आणि साइट पण तसाच, डावीकडे दृष्टी आणि उजवीकडे जागा. इथे तिला वाक्य विचारायला लागेल आणि तेच आपल्याला हवंय.

आणि सुरुवात नेहमी जिथे कान आणि डोळे भांडत नाहीत तिथून करावी. कॅट हॅट मॅट, किंग रिंग सिंग, हॉप टॉप शॉप. वायली आणि ड्युरेल ह्या दोन संशोधकांनी १९७० साली असे ३७ शेवट काढले होते ज्यांच्यापासून लहान वर्गांतले जवळजवळ ५०० शब्द तयार होतात. म्हणजे इंग्रजी वाटते तितकी बेभरवशाची नाही. ओ-यू-जी-एचची मात्र फॅमिली करूच नका, ते शब्द एकेक करून ओळखीचे होऊ द्या, कफ डॉक्टरांकडे गेल्यावर, रफ वहीच्या मागच्या पानावर.

श्टुटगार्टचा_पाहुणा

जी-एच बद्दल मी सांगू शकतो, कारण मला ते जर्मनीत आल्यावर कळलं. इथे भाषेच्या क्लासला पहिल्या महिन्यात चार शब्द आले, नाख्त, लिश्त, रेश्त, आख्त. अर्थ रात्र, प्रकाश, बरोबर, आठ. मी वहीत शेजारी इंग्रजी लिहिलं, नाइट, लाइट, राइट, एट, आणि एकदम लक्षात आलं की जिथे जर्मन लोक घशातून किंवा टाळूवर तो खरखरीत आवाज काढतात बरोब्बर तिथेच इंग्रजीत जी-एच बसलेला आहे!

म्हणजे तो मुका कधीच नव्हता. जुन्या इंग्रजीत हे शब्द नुसत्या एच ने लिहायचे आणि तो एच बोलायचे, उर्दू बोलणारा माणूस 'ख़बर' म्हणताना जसा ख़ काढतो साधारण त्या जातीचा आवाज. १०६६ नंतर नॉर्मन लोकांचं राज्य आलं, फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि पुढे तो आवाज दाखवायला जी-एच लिहायची पद्धत पडली. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि छापील स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, पण लोकांची जीभ कुठे थांबते, पुढच्या दोनेकशे वर्षांत दक्षिण इंग्लंडात तो आवाज गेला. लाइट-नाइटमध्ये नाहीसा झाला, दो आणि बाउ मध्येही नाहीसा झाला, कफ, रफ, इनफ, लाफ ह्यांत त्याचा 'फ' झाला. त्याच काळात स्वरही बदलत होते म्हणून ओ-यू-जी-एचचे इतके तुकडे झाले. स्कॉटलंडच्या बोलीत अजून 'निख्त' म्हणणारे लोक आहेत.

आणि एक शब्द मुलीला जरूर सांगा, डिलाइट. हा त्या घरातला नाहीच. फ्रेंचमधून आला, आधी शेवटी नुसतं आय-टी-ई लिहायचे, पण लाइट-नाइटसारखा वाजतो म्हणून सोळाव्या शतकात लोकांनी त्यालाही जी-एच लावून टाकला. म्हणजे तुमच्या मुलीने जे केलं त्याच्या उलट, तिने कानावर भरवसा ठेवून काइटला लाइटच्या घरात बसवलं आणि इंग्रजांनी स्पेलिंगच बदलून पाहुण्याला घरात घेतलं. 'कुड' मधला एल पण असाच, वुड आणि शुडमध्ये तो मुळापासूनचा, विल आणि शॅलमधला, कुडमध्ये मात्र त्यांच्याकडे बघून घातलेला.

म्हापशेंकार

वरचं वाचून मला आजीची पत्रं आठवली. 'नांव', 'कांहीं', 'घरांत', 'पांच', प्रत्येक शब्दावर टिंब. लहानपणी वाटायचं आजीला शुद्धलेखन येत नाही. नंतर समजलं की १९६२ साली साहित्य महामंडळाचे नवे नियम सरकारने मान्य केले तोपर्यंत तसंच लिहायचे, पांच मधलं टिंब म्हणजे संस्कृत पञ्च मधल्या ञ ची खूण. बोलण्यातून तो नाकातला आवाज गेलेला, लिहिण्यात राहिलेला. आपलाच जी-एच म्हणा. आपण तो काढून टाकला, इंग्रजांनी ठेवला.

पण आमच्याकडे कोंकणीत 'नांव', 'गांव', 'हांव' अजून नाकातूनच म्हणतात, जसं स्कॉटलंडात निख्त. म्हणून मला आजीची टिंबं आता चूक वाटत नाहीत, मी ती पत्रं जपून ठेवलीयत.

आणि ताई, मुलीला वाटू देऊ नका की इंग्रजीच तेवढी विचित्र आहे. तिला 'लाज' आणि 'समाज' म्हणायला सांगा, सावकाश. शेवटचं अक्षर एकच, ज. पण लाजमधला ज दातांजवळचा, 'आज', 'माज' सारखा, आणि समाजमधला टाळूवरचा, 'जीव' मधला. आपण लहानपणापासून बोलतो म्हणून खटकत नाही, मराठी शिकणारा परप्रांतीय माणूस इथे हमखास अडतो.

प्रूफवाला

तुमचा मुख्य प्रश्न वेगळा आहे पण पुढे चौथी-पाचवीत जो शेवट छळणार आहे त्याबद्दल आत्ताच लिहून ठेवतो, रोज तपासतो म्हणून. 'शन'. हे शब्द आपण मराठीच समजून वापरतो, स्टेशन, रेशन, टेन्शन, पेन्शन, ॲडमिशन, फॅशन. कानाला सगळे एक. स्पेलिंग काढा, स्टेशन-रेशनला टी-आय-ओ-एन, टेन्शन-पेन्शनला एस-आय-ओ-एन, ॲडमिशनला दोन एस, फॅशनला एस-एच. पाठ करण्यापेक्षा मूळ क्रियापद बघायचं. ॲक्टचं ॲक्शन, एज्युकेटचं एज्युकेशन, मागे टी किंवा टी-ई असेल तर बहुतेक वेळा टी-आय-ओ-एन. एक्स्टेंडचं एक्स्टेन्शन, मागे डी असेल तर बहुधा एस, (अटेंडचं अटेन्शन मात्र टी ने, तो लक्षात ठेवावाच लागतो). शेवटी मिट असेल, ॲडमिट, परमिट, सबमिट, तर दोन एस ठरलेले. आणि काम करणारा माणूस असेल, इलेक्ट्रिशियन, म्युझिशियन, तर सी-आय-ए-एन. ह्या चार गोष्टींनी माझं निम्मं काम हलकं झालंय.

चिऊची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, मला एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बाई, तुम्ही म्हणालात तसं वर्कशीट परत बघितलं, वर स्पष्ट 'राइमिंग वर्ड्स' छापलंय. आज शाळा सुटल्यावर टीचरना नम्रपणे दाखवलं, त्यांनी लगेच मान्य केलं आणि तिघांच्या फुल्या खोडून बरोबर केलं, लेकीला जवळ घेऊन सॉरी पण म्हणाल्या. मला त्यांचं फार बरं वाटलं.

संध्याकाळी रेघ मारून खेळलो. डिलाइटची गोष्ट तिला इतकी आवडली की तिने त्याच्याभोवती पाहुण्याची बॅग काढली. लाज आणि समाज तर आजी-आजोबांसकट सगळं घर म्हणत बसलं होतं.

आता तिचा नवा प्रश्न. बोन, फोन, स्टोन सगळे ओ-एन-ई, मग 'वन' असा का वाजतो? ह्याला काही उत्तर आहे का की हा पाठच करायचा?

श्टुटगार्टचा_पाहुणा

आहे की. पूर्वी तोही बोन-स्टोनसारखाच 'ओन' वाजायचा, पुढचा 'व' नंतर एका बोलीतून आला आणि सगळीकडे पसरला. जुना आवाज दोन शब्दांत जसाच्या तसा राहिलाय. ओन्ली, म्हणजे वनलाच एल-वाय लागून झालेला शब्द. आणि अलोन, तो म्हणजे मुळात 'ऑल' आणि 'वन', पूर्ण एकटा. तिला दोन्ही शब्द लिहून त्यातला वन शोधायला सांगा.