आयफोनवरची 'माग काढू का?' ही खिडकी: भुर्दंड कुणाला?

दिवेलागण: एप्रिल २०२१मध्ये आयओएस १४.५ (आयफोन ज्यावर चालतो ती प्रणाली) आलं आणि दुसऱ्यांच्या ॲप्स-वेबसाइट्सवर तुमचा माग काढायचा असेल, तर आधी छोटी खिडकी दाखवून परवानगी मागणं ॲपला सक्तीचं झालं. नकार दिला की फोनचा जाहिरात-क्रमांक, म्हणजे ज्यावरून जाहिरातवाले तो फोन ओळखतात तो, ॲपला मिळत नाही. माझी बहीण न्यू जर्सीत फराळ करून विकते, गिऱ्हाइकं बहुतेक आयफोनवाली. पूर्वी चकलीची ऑर्डर कुठल्या जाहिरातीवरून आली ते तिला नेमकं कळायचं. आता मोघम आकडे येतात, तेही उशिरा. मोठ्या कंपन्या यातून तरतात, घरगुती धंद्यानं काय करायचं?

गवाक्ष: ताईंची अडचण खरी आहे. पण तो क्रमांक २०१२पासून फोनमध्ये होता आणि बंद करायचं बटण सेटिंगमध्ये शोधत बसावं लागायचं. आता आधी विचारावं लागतं, फरक एवढाच. त्यावरून फेसबुकवाल्या मेटाने २०२२ सालात सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल असा अंदाज दिला! नुसतं विचारल्यानं एवढी कमाई जाणार असेल, तर ती आपल्याला न विचारता चालली होती. माझ्या आईनं कुठल्या आजाराची माहिती वाचली, हे जाहिरातवाल्यांना कशाला कळायला हवं?

दिवेलागण: आजाराची माहिती कुणालाच कळू नये, त्यात वाद नाही. पण समोर कोण आहे हे माहीत नसलं की जाहिरातीची जागा स्वस्तात जाते, आणि फुकट ॲप चालवणारा लहान प्रकाशक वर्गणी लावतो किंवा जाहिराती वाढवतो. शिवाय ॲपलने स्वतःच्या ॲप्सना वेगळा न्याय लावला. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणानं मार्च २०२५मध्ये त्यांना १५ कोटी युरो दंड केला तो याच अंमलबजावणीबद्दल, आणि लहान प्रकाशकांना याची झळ जास्त बसते असंही म्हटलं.

गवाक्ष: त्याच निर्णयात परवानगी मागण्याचा हेतू गैर नाही, असंही आहे. दंड योग्यच. ॲपललाही तोच नियम लावा, खिडकी मात्र राहू द्या.

ओसरी: दिवेलागण, प्रत्येक जाहिरातीला वेगळा सवलत-कोड द्यायला सांगा. ऑर्डर कुठून आली ते गिऱ्हाईक आपणहून सांगतं, माग काढावा लागत नाही. आम्ही मसाल्यांसाठी हेच करतो.

दिवेलागण: कोडचं आजच कळवते तिला. पण कोड गिऱ्हाईक आल्यावर कामाचा. फराळ हवा असलेलं नवं घर शोधायचं कसं, तिथे ती अजून अडलेलीच आहे.