स्क्वॉश सुधारायचा तर फक्त मॅच खेळायच्या?

इंदुरी बॅकहँड: काल इथे एका दादांनी लिहिलं, "एकट्याने भिंत बडवणं फुकट आहे, रोज मॅच खेळा, खेळ आपोआप सुधारतो." साफ चूक. मॅचमध्ये कच्चा बॅकहँड सगळे लपवतात, मग तो सुधारणार कधी? वीस मिनिटं डाव्या बाजूला नुसते सरळ ड्राइव्ह, म्हणजे बाजूच्या भिंतीला समांतर लांब फटके, मारा. चेंडू समोरच्या भिंतीवरच्या सर्व्हिस लाइनच्या हातभर वर लागावा, पहिला टप्पा जमिनीवर आखलेल्या सर्व्हिस बॉक्सच्या मागे पडावा. टप्पा पुढेच पडतोय? जोर नको, उंची वाढवा. चेंडू मधोमध येतोय? तुम्ही तो फार पुढे गाठताय. खांदा वळवा, चेंडू पुढच्या पायाच्या रेषेत येऊ द्या.

टी-वरचा: आणि फटका मारून टी-वर, म्हणजे कोर्टाच्या मधल्या खुणेवर, परत कोण येणार? भिंतवाले तिथेच खिळून बघत राहतात. त्यापेक्षा दोघांत अट घालून खेळा: पहिला टप्पा शॉर्ट लाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मधल्या आडव्या रेषेच्या, पुढे पडला की पॉइंट गेला. लांबीही सुधारते, पायही हलतात.

डिसेंबरवाला: अहो, आधी चेंडू बघा! इंदूरच्या थंडीत सकाळी सहाला दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू मागच्या कोपऱ्यात मरून पडतो. एक ठिपक्याचा घ्या, तो जास्त उसळतो.

टी-वरचा: हे लाड झाले. स्पर्धेत दोनच ठिपके असतात.

डिसेंबरवाला: लाड कसले? स्पर्धेतले खेळाडू इतक्या जोरात आणि इतका वेळ मारतात की आतली हवा तापून दाब वाढतो, रबर मऊ होतं, म्हणून तो उसळतो. शिकणाऱ्याचा तिसरा फटका टीनवर, म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळच्या पत्र्यावर, लागून बाद. चेंडू तापणार कधी? त्याला मग कोपऱ्यातून मनगटाने उकरायची सवय लागते, ती पुढे जात नाही. या हट्टापायीच पोरं बॅडमिंटनकडे वळतात!

टी-वरचा: आवाज चढवू नका. ठीक, जानेवारीपर्यंत एक ठिपका चालेल. मे महिन्यात चाळिशीच्या पाऱ्यात तोच आणलात तर रॅली संपणार नाही.

चष्मा लावा: ठिपक्यांवर भांडताय, डोळ्यांचं काय? ४० मिमीचा चेंडू डोळ्याच्या खोबणीत बसतो. नंबरचा साधा चष्मा फुटून काचा आत जातात. पॉलीकार्बोनेटचाच हवा, आणि बघे हसले तरी काढायचा नाही.

इंदुरी बॅकहँड: चष्म्याचं शंभर टक्के पटलं. अटीचा खेळही मान्य, पण आधी वीस मिनिटं एकट्याने. ड्रॉप, म्हणजे टीनच्या जरा वर हळूच टाकलेला फटका, मात्र शेवटी शिका. मोठ्या व्यावसायिक सामन्यांत टीन ४३ सेंमी उंच असते, आपल्याकडे ४८. तिथला फटका इथे थेट पत्र्यावर वाजतो.