मदत हवी आहे: बालीला टाइमशेअरचं एक्स्चेंज घ्यावं की सरळ चांगलं हॉटेल?

शेवंती_७
नमस्कार. घाईत लिहितेय, शुक्रवारपर्यंत ठरवायचंय. मे महिन्यात बालीला जातोय, विमानाची तिकिटं झाली आहेत. घरात टाइमशेअर आहे, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी एक आठवडा राहायचं सदस्यत्व. असे आठवडे अदलाबदल करून देणाऱ्या आरसीआय कंपनीमधून एक आठवडा एक्स्चेंजमध्ये दिसतोय, फक्त एक्स्चेंजची फी भरायची, म्हणजे जवळजवळ फुकटच. नवऱ्याचं म्हणणं असं की एवढ्या लांब पहिल्यांदाच जातोय तर नुसा दुआला समुद्रावरच्या पंचतारांकित हॉटेलात राहू. घरात रोज हाच विषय. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगा. कृपया 'दोन्ही आपापल्या जागी चांगलं' असं लिहू नका, मला एकच उत्तर हवंय.

रानवाटा
एकच उत्तर द्यायला आधी थोडी माहिती हवी. बालीत नक्की कुठे मिळतंय? किती जण आहात? तारखा काय? आणि तुमचं सदस्यत्व आठवड्यांचं आहे की पॉइंट्सचं?

शेवंती_७
९ ते १६ मे. आठवड्यांचं. जागा बालीतच आहे. वन बेडरूम, स्वयंपाकघरासकट. फोटो छान आहेत.

मालवणी_तडका
ताई, एवढा खर्च करून समुद्रच बघायचा असेल तर तारकर्लीला जा. मे महिन्यात पाणी स्वच्छ असतं, सिंधुदुर्ग किल्ला होतो, निवती-भोगवे होतं, आणि जेवणाची काळजी नाही. आम्ही दरवर्षी जातो.

शेवंती_७
तिकिटं झाली आहेत हो दादा. वर लिहिलंय.

हिशेबनीस
'जवळजवळ फुकट' हा शब्द मला खटकला. तुम्ही क्लबचं वार्षिक देखभाल शुल्क भरता ना? तो आठवडा त्या पैशातूनच आला. सदस्यत्व घेताना भरलेली मूळ रक्कम वर्षांवर वाटली, त्यात वार्षिक शुल्क घातलं, एक्स्चेंजची फी घातली, की हॉटेल आणि हे यांत फारसं अंतर उरत नाही. आमच्याकडे मी वहीत मांडून बघितलं होतं. ज्या वर्षी कुठेच गेलो नाही, त्या वर्षीचं शुल्क तर कोणी धरतच नाही. हॉटेल घ्या.

रानवाटा
हिशेबनीस, तुमची वही बरोबर असेल, पण प्रश्न दुसरा आहे. भरलेले पैसे ताईंनी एक्स्चेंज घेतलं तरी गेले, हॉटेल घेतलं तरी गेले. आजपासून पुढे खिशातून काय जाणार एवढंच या सहलीसाठी बघायचं. सदस्यत्व ठेवावं की सोडावं हा हिशोब पुढच्या वर्षीचं बिल येईल तेव्हा करा.

हिशेबनीस
मला नाही पटत. असाच विचार करत लोक वीस-वीस वर्षं शुल्क भरत राहतात. 'आता भरलंच आहे तर वापरू' म्हणत एक्स्चेंज घ्यायचं, मग तिथलं जेवण, टॅक्सी, वरचे खर्च, आणि परत आल्यावर पुढचं बिल. कुठेतरी थांबून मोजायला हवं की नाही?

रानवाटा
हवं. पण शुक्रवारच्या आत नको.

दूरदेशी
मी पर्थला असतो. इथून बाली साडेतीन-चार तासांवर, त्यामुळे आमच्या बऱ्याच फेऱ्या होतात. एक्स्चेंजवरही राहिलोय, हॉटेलातही. ताई, 'बालीतच आहे' याने काही कळत नाही. उबुद डोंगराकडे आहे, तिथे भातखाचरं आणि दऱ्या, समुद्र नाही. कुटा-लेगियनला पश्चिमेचा किनारा, सूर्यास्त सुंदर, पण लाटा मोठ्या, पोहणाऱ्यांपेक्षा सर्फिंगवाल्यांच्या. नुसा दुआ आणि सानुर पूर्वेला. बाहेर प्रवाळाची रांग असल्याने पाणी शांत, लहान मुलांना सोडता येतं. मात्र ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि शेवाळ-दगड उघडे पडतात, त्यामुळे भरती-ओहोटीची वेळ बघून उतरायचं. नकाशावर नुसा दुआ ते उबुद पस्तीस-चाळीस किलोमीटर दिसतं, रस्त्यावर दीड-दोन तास जातात. म्हणून आधी जागा सांगा. आणि रानवाटांनी विचारलं होतं ते, किती जण?

शेवंती_७
सानुरला आहे. आम्ही सहा जण. आम्ही दोघं, मुलं ११ आणि ६ वर्षांची, आणि माझे आई-बाबा. आईचा गुडघा दुखतो, जिने चढवत नाहीत.

दूरदेशी
सहा जण आणि वन बेडरूम? त्या खोलीपुढे दोन आकडे लिहिलेले असतील, काय आहेत ते बघून सांगा. पहिला आकडा एकूण किती जण झोपू शकतात त्याचा, दुसरा स्वतंत्रपणे, म्हणजे दुसऱ्याच्या खोलीतून न जाता, किती जणांची सोय आहे त्याचा.

शेवंती_७
४/२ लिहिलंय. मला वाटलं चार मोठी माणसं आणि दोन मुलं.

दूरदेशी
नाही ताई. चार म्हणजे एकूण चार, त्यात मुलंही आली. त्यातले दोन आत बेडरूममध्ये, दोन बाहेरच्या सोफा-कम-बेडवर. आम्ही एकदा चारच्या खोलीत पाच जण गेलो होतो, सगळ्यात धाकटा तीन वर्षांचा. रात्री साडेअकराला चेक-इनच्या काउंटरवर सांगितलं, आणखी एक खोली घ्यावी लागेल. त्या वेळी मिळाली ती सगळ्यात महागडी. मुलं बाकावर झोपली होती आणि मी कार्ड काढून देत होतो. सहा जणांना ६/४ ची टू बेडरूम शोधा, नाहीतर दोन खोल्या घ्या.

सुगरणकाकू
अगं, आई-बाबा शाकाहारी आहेत का? असतील तर स्वयंपाकघर सोडू नकोस. आम्ही बालीला गेलो तेव्हा ह्यांचे हाल झाले होते. तिथे सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, तेरासी म्हणतात. भाजीतही पडते, शेंगदाण्याच्या चटणीतही पडते, आणि 'व्हेज' म्हटलं की मांसाचा तुकडा नाही एवढाच अर्थ घेतात. 'तानपा तेरासी' म्हणजे तेरासी नको, हे दोन शब्द पाठ करून जा. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि ताहू, म्हणजे टोफू, सगळीकडे मिळतं. सकाळी पोहे-उपमा खोलीत केला की दिवसभर चिंता नाही. नळाचं पाणी मात्र पिऊ नका, भात शिजवायलाही बाटलीचंच घ्या.

हिशेबनीस
काकू, सहलीला जाऊन पोहे कोण करणार? ताईच ना? घरीही तेच, बालीतही तेच. मी म्हणतो ते याचसाठी. हॉटेलात सकाळचा नाश्ता समोर असतो, खोली रोज आवरलेली असते. एक्स्चेंजच्या ठिकाणी नाश्ता बहुधा धरलेला नसतो, टॉवेल बदलायलाही सांगावं लागतं.

सुगरणकाकू
पोहे जावईबापू करतील! माझ्या घरी ह्यांनीच केले होते, आणि चांगले झाले होते.

घारापुरी
अवांतर होईल, पण राहवत नाही. बालीचं नवीन वर्ष आपल्यासारखंच शक संवत्सराने सुरू होतं. तिथे त्या दिवशी न्येपी पाळतात. पूर्ण शांतता, दिवे नाहीत, रस्त्यावर कोणी नाही, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. २०२६ मध्ये न्येपी १९ मार्चला आणि आपला पाडवाही १९ मार्चलाच, दोन्हीकडे शक १९४८. आपण गुढी उभारून गोडधोड करतो आणि ते घरात मौन धरून बसतात. एवढ्या दूरच्या बेटावर आपला शक मोजला जातो हे मला फार हृद्य वाटतं.

शेवंती_७
छान माहिती, पण मी मे मध्ये जातेय.
हॉटेलचे दर देते. नुसा दुआला दोन खोल्या, रात्रीचे ३८,००० रुपये. सात रात्री.

हिशेबनीस
दरापुढे दोन अधिकची चिन्हं आहेत का? ++ अशी? असतील तर कर आणि सेवाशुल्क वेगळं, बालीत दोन्ही मिळून साधारण २१ टक्के. ३८,००० चे सात रात्रींचे २,६६,००० होतात, त्यावर २१ टक्के धरले तर ३,२१,८६०. हॉटेलातल्या रेस्टॉरंटच्या मेनूवरही तेच ++ असतं.

शेवंती_७
बघितलं. आहेत. खाली बारीक अक्षरात. म्हणजे पंचावन्न हजार वर जातात!

मालवणी_तडका
तारकर्लीला सहा जणांचा आठवडा यापेक्षा पुष्कळ कमीत होईल. सांगून ठेवतो.

रानवाटा
ताई, आणखी एक. तुमचा जो आठवडा देऊन हे मिळतंय तो आरसीआयकडे आधीच जमा केलाय की आता करणार? हे सांगितलंत तर घाई किती आहे ते कळेल.

शेवंती_७
जमा केलेला आहे, महाबळेश्वरचा. तो ऑगस्टअखेर संपतोय. आणि सदस्यत्व सासऱ्यांच्या नावावर आहे. ते येत नाहीयेत, त्यांची बायपास झालीय गेल्या वर्षी. म्हणूनच तर म्हणतेय की वाया जाईल.

रानवाटा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! दोन गोष्टी. एक, सदस्य स्वतः जात नसेल तर गेस्ट सर्टिफिकेट घ्यावं लागतं. त्यावर जो चेक-इन करणार त्याचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं. ते नसेल तर हाताशी कन्फर्मेशन असूनही दारात अडवू शकतात. ते सासऱ्यांच्या खात्यातून काढायचं, आणि त्याचे पैसे एक्स्चेंजच्या फीपेक्षा वेगळे. दोन, आठवडा ऑगस्टअखेर संपतोय तर या बुकिंगचा फायदा खरा आहे. पुढच्या वेळी मात्र आठवडा जमा करायचा तर तो सुरू होण्याच्या नऊ महिने किंवा त्याआधी करा, ट्रेडिंग पॉवर, म्हणजे अदलाबदलीतली किंमत, पूर्ण मिळते. उशिरा जमा केला की तीच जागा, तोच हंगाम असूनही बदल्यात कमी मिळतं.

सुगरणकाकू
एक विचारू का, रागावू नकोस. सासऱ्यांच्या सदस्यत्वावर तू तुझ्या आई-बाबांना नेतेयस. ते मनापासून हो म्हणालेत ना? नंतर घरात शब्द नको.

शेवंती_७
काकू, त्यांनीच सुचवलं. सासूबाई गेल्यापासून ते महाबळेश्वरला गेलेच नाहीत, 'तिच्याशिवाय त्या गॅलरीत बसवत नाही' म्हणतात. आठवडा वाया घालवू नका, मुलांना समुद्र दाखवा, असं तेच म्हणाले. म्हणूनच मला तो उगाच सोडून हॉटेल घेणं जड जातंय. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

हिशेबनीस
हे माहीत नव्हतं. मी माझं 'हॉटेल घ्या' मागे घेतो. मग आता सहा जणांचं कसं बसवायचं ते बघू.

दूरदेशी
सानुर हे ऐकून मला बरं वाटलं. तिथे किनाऱ्याला लागून काही किलोमीटरचा सपाट फरसबंद रस्ता आहे, सायकल आणि चालणाऱ्यांसाठी. सकाळी सहाला गावातली म्हातारी माणसं तिथे फिरतात, सूर्य समुद्रातून वर येताना दिसतो. आईंच्या गुडघ्याला याहून चांगली जागा नाही. नुसा दुआची मोठी हॉटेलं इतकी पसरलेली असतात की खोलीपासून नाश्त्यापर्यंतच दमायला होतं.

उपाय सांगतो. बालीतली अशी बरीच रिसॉर्ट्स अर्धी टाइमशेअर, अर्धी नेहमीचं हॉटेल म्हणून चालतात. एक्स्चेंजमधली वन बेडरूम तुम्हा चौघांना, आणि त्याच रिसॉर्टमध्ये आई-बाबांसाठी साधी हॉटेलची खोली विकत घ्या. तळमजल्यावरची मागा. रिसॉर्टला थेट ईमेल करा, एक्स्चेंज कंपनीमार्फत ही विनंती पोहोचत नाही. उत्तर लेखी घ्या.

रानवाटा
हेच. आणि एक्स्चेंजमध्ये जे दिसतंय ते हॉटेलसारखं रोज भरणारं दुकान नाही. कुणीतरी आपला आठवडा सोडलाय म्हणून तो दिसतोय. दुसऱ्याने घेतला तर तोच परत येईल असं नाही. आधी कन्फर्म करा, मग दुसरी खोली.

शेवंती_७
नवरा विचारतोय, मग पंचतारांकितचं काय.

दूरदेशी
शेवटची एक रात्र नुसा दुआला घ्या, दोन खोल्या. सानुरहून टॅक्सीने थोड्या वेळाचंच अंतर आहे आणि तिथून टोल रोड थेट विमानतळाकडे जातो. पोहायचा तलाव, नाश्ता, सगळं एका दिवसात मनसोक्त.

हिशेबनीस
एक रात्र ++ धरून ४५,९८०. तीन लाख एकवीस हजारांपुढे ठीक आहे.

घारापुरी
उलुवातूचं मंदिर आणि संध्याकाळचं केचाक नृत्य चुकवू नका. तिथली माकडं चष्मा ओढून नेतात, बाबांच्या चष्म्याला दोरी लावा.

रानवाटा
चेक-इनच्या वेळी कुणी 'फक्त दीड तास, नाश्ता मोफत, भेटवस्तू मिळेल' म्हणून बोलावलं तर जाऊ नका. ते नवीन सदस्यत्व विकायला असतं. सासऱ्यांचं आहे तेवढं पुरे.

मालवणी_तडका
ताई, व्हिसाचं माहीत आहे ना? आपल्याला आगमनावर मिळतो, माणशी ५ लाख रुपिया (तिथलं चलन). शिवाय बालीचा पर्यटन कर माणशी दीड लाख रुपिया, २०२४ च्या फेब्रुवारीपासून. तो ऑनलाइन भरून जा. मुलांचेही धरा. सहा जणांचे ३९ लाख रुपिया होतात, आकडा बघून घाबरू नका. पासपोर्ट सहा महिने वैध हवा.

शेवंती_७
बाबांचा पासपोर्ट सप्टेंबरमध्ये संपतोय!!

मालवणी_तडका
मग आजच अर्ज करा. सप्टेंबर म्हणजे मेपासून चारच महिने. विमानतळावर चेक-इनलाच थांबवतील. नवीन आल्यावर तिकिटातला पासपोर्ट क्रमांकही बदलून घ्या.

शेवंती_७
(दोन दिवसांनी) सगळ्यांचे आभार. पासपोर्टचा अर्ज झाला, अपॉइंटमेंट मंगळवारची मिळाली. एक्स्चेंज कन्फर्म केलं. सासऱ्यांनी स्वतः लॉगिन करून गेस्ट सर्टिफिकेट माझ्या नावाने काढलं, स्पेलिंग तीनदा वाचून घेतलं. रिसॉर्टचं उत्तर आलं, तळमजल्यावरची खोली आहे, आमच्या वन बेडरूमच्या इमारतीतच, दर ++ धरूनच सांगितलाय. १५ ची रात्र नुसा दुआला, नवरा खूश. सानुरची वन बेडरूम १६ पर्यंत आपलीच आहे, पण आदल्या दिवशी निघू.
एकच राहिलं. तिथे शेगडी विजेची आहे म्हणे. कुकर नेऊ का?

सुगरणकाकू
इंडक्शन आहे का विचार. असेल तर ॲल्युमिनियमचा चालणार नाही, तळाला चुंबक चिकटेल असा स्टीलचा ने, तीन लिटरचा पुरे. आणि तिथे दोन गोल पिनांचं सॉकेट असतं, आपल्या तीन पिनांचं काही नेलंस तर ॲडॉप्टर ठेव. गोडा मसाला विसरू नकोस.