ऑर्डर लिहिलेली असताना सिस्टरने इन्सुलिन थांबवलं: बरोबर की आगाऊपणा?

वॉर्डनंबरसात
मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडची केस. साठीचे गृहस्थ, टाइप 2 मधुमेह. केसपेपरवर 'रेग्युलर इन्सुलिन 10 युनिट, नाश्त्याआधी'. रात्री उशिरा पोटाची सोनोग्राफी ठरली, म्हणून सकाळी उपाशी ठेवलं. इन्सुलिनच्या ऑर्डरला कोणी हात लावला नाही. सकाळी 7 ला शुगर 92. ड्युटीवरच्या सिस्टरने डोस थांबवला, ड्युटी डॉक्टरांना फोन केला, वेळ टाकून नोंद केली. राउंडला मोठे सर सगळ्यांसमोर कडाडले, "ऑर्डर बदलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

माझं म्हणणं, तिने काही बदललंच नाही. ऑर्डरमध्येच 'नाश्त्याआधी' आहे, आणि नाश्ता नव्हता. रेग्युलर म्हणजे जेवणाआधीचं, लवकर चढणारं इन्सुलिन; टोचलं की अर्ध्या तासात काम सुरू होतं, 2 ते 4 तासांत त्याचा जोर असतो. म्हणजे हे गृहस्थ नेमके सोनोग्राफीच्या रांगेत व्हीलचेअरवर असताना शुगर खाली. तिथे सोबत कोण, तर मामा, म्हणजे वॉर्डबॉय. घाम फुटला तर तो म्हणणार, उकडतंय. एवढा पुढचा विचार करणं हेच आमचं काम. डोस भरून टोचायला तीन-चार वर्षं शिकावं लागत नाही.

खडूस_निवासी
या केसमध्ये सिस्टर बरोबर, वाद नाही. पण यातून 'शंका आली की थांबवा' असा नियम काढलात तर मी विरोधात. टाइप 1 ची मुलगी, उलट्या चालू, खात नाही. 'खात नाही ना' म्हणून रेग्युलरबरोबर रात्रीचं ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर संथ चालणारं बेसल इन्सुलिन, तेही थांबवलं गेलं. फोन नाही. सकाळी लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडल्याची खूण) आणि श्वास जोरजोरात. टाइप 1 मध्ये शरीराचं स्वतःचं इन्सुलिन जवळपास नसतंच, उपाशी असली तरी बेसल लागतंच. डोस न देणं हाही उपचाराचाच निर्णय आहे. तो घ्यायचा तर फार्माकॉलॉजीसकट, म्हणजे औषध कसं काम करतं ते जाणून घ्या.

शिवाय रात्री 2 ला फोन येतो, "सर, पेशंट बरा वाटत नाहीये." मी यावर काय करू?

वॉर्डनंबरसात
उठून या.

लीड्सकर
इंग्लंडमध्ये वॉर्डात काम करतेय. इथे 'बरा वाटत नाही'ला आकड्यांत बसवलंय. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये न्यूज नावाची गुणपद्धत आणली, 2017 मध्ये सुधारली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप, पेशंट किती शुद्धीवर आहे, यांना गुण द्यायचे; जितकं बिघडलेलं तितके जास्त. बाहेरून ऑक्सिजन लावला असेल तर त्याचे आणखी. बेरीज 5 झाली की डॉक्टरने तातडीने बघायचं, 7 ला इमर्जन्सी. आणि बेरीज कमी असली तरी नर्सला काळजी वाटत असेल तर बोलवायचंच, हे त्याच मार्गदर्शनात आहे.

पण भाबडेपणाने कौतुक करत नाही. 'स्कोअर 2 आहे' म्हणून निवांत बसणाऱ्याही बघितल्यात. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) चालू असलेल्याची नाडी आतून रक्तस्राव होत असतानाही पुरेशी वाढत नाही. कागद म्हणतो ठीक, अंगाला हात लावला तर गार घाम.

कोपऱ्यातला_नातेवाईक
मी डॉक्टर नाही, नर्स नाही. आईजवळ बसून टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाचा तक्ता) वाचलाय. वॉर्डातल्या सगळ्यांचा श्वास 20! धाप लागलेल्या आजींचाही 20, शेजारी घोरणाऱ्याचाही 20. छातीकडे बघून कोणी मोजताना दिसलं नाही. आधी मोजा, मग जजमेंटचे अधिकार मागा. राग आला तर येऊ दे.

सोलापुरी_इनचार्ज
राग नाही आला, खरं आहे ते. आता हिशोब करा. नाइटला एकटी सिस्टर, पेशंट 40. प्रत्येकाचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचा तर 40 मिनिटं नुसती श्वासाला. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात 5 पेशंटमागे 1 नर्स. ते भिंतीवर लावायला छान आहे. 'सकाळपेक्षा आता वेगळा दिसतोय' हे कळायला तोच पेशंट दोनदा नीट बघितलेला असावा लागतो.

मूळ प्रश्नावर: डिगॉक्सिन या हृदयाच्या गोळीच्या आधी आम्ही हृदयाचे ठोके मिनिटभर मोजतो. 60 च्या खाली गेले तर गोळी हातातच ठेवून फोन. त्याला आगाऊपणा कोणी म्हणत नाही, कारण वर्षानुवर्षं तो वॉर्डाचा नियम आहे. मग इन्सुलिनचंही लिहा ना सर. 'उपाशी असल्यास रेग्युलर देऊ नये, बेसलबद्दल विचारावे.' एक ओळ.

खडूस_निवासी
ओळ लिहीन. पण सगळं लिहून होणार नाही, आणि जे लिहिलेलं नाही तिथेच नेमकी वेळ येते. म्हणून माझी अट तीच: थांबवलं की त्याच मिनिटाला फोन. शुगर किती, शेवटचं काय खाल्लं, कुठलं इन्सुलिन, किती वाजता, तुम्हाला काय वाटतं. शेवटचा प्रश्न मी खरंच विचारतो, हसू नका.

वॉर्डनंबरसात
हसत नाही. पण नव्या मुली आता त्या सिस्टरकडे बघून शहाण्या झाल्यात. कालच एक विचारत होती, "ताई, शुगर 80 आहे, ऑर्डर आहे, देऊन टाकू का? निदान ओरडा तरी बसणार नाही."